नाव इसारानंतर

भगवानराव दलालाला उकंडा मुनेश्वरांनी घराबाहेर काढलं ते मार्च महिन्यात. काढलं म्हणजे हाताला धरून नव्हे. एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस तो. कोणाला कुठं उतरवायचं हे त्यांना न बोलता जमत होतं. त्यांनी दार उघडलं आणि उघडंच धरून उभे राहिले. भगवानरावानं अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

झालं होतं एवढंच, की घर पाहून झाल्यावर तो म्हणाला, "घर मस्त हाय उकंडाभाऊ. बोअरले पानी हाय, स्लॅब गळत नाई, रस्ता डांबरी. फक्त मी गिऱ्हाईक आनीन तवा दोन घंट्यासाठी हे फोटो आतमंधी ठेवा."

समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा असे दोन मोठे फोटो होते. घर बांधलं तेव्हा आधी ते लागले, मग पंखा लागला.

"काहून?" उकंडांनी विचारलं.

"तुमाले मालूम हाय काहून."

"मले तुमच्या तोंडून आयकाचं हाय."

भगवानरावानं ते तोंडातून काढलं नाही. दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या चहाटपरीवर बसून तीस वर्षं घरं विकणारा माणूस असल्या गोष्टी तोंडातून काढत नसतो. त्याच्याजवळ ना पाटी, ना कार्ड. होती ती एक डायरी आणि एक नियम: घरमालकाचं नाव गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, गिऱ्हाइकाचं नाव घरमालकाला सांगायचं नाही, जोवर इसाराची रक्कम हातात पडत नाही तोवर. तोपर्यंत एक 'काका' आणि दुसरा 'साहेब'. नाव आधी आलं की भाव पडतो, असं तो म्हणायचा. खरं कारण आणखी एक होतं आणि ते अख्ख्या दिग्रसला ठाऊक होतं. घेणारा आणि देणारा एकाच समाजाचे निघाले, की ते मंदिरात नाहीतर मशिदीत नाहीतर विहारात भेटतात, आपसात सौदा करतात आणि दलालाला चहावर वाटेला लावतात. मारवाड्यांनी त्याला असं दोनदा फसवलं होतं, बंजाऱ्यांनी एकदा. तेव्हापासून तो कोणाचीच ओळख कोणाला लागू देत नसे. जातीपातीच्या बाबतीत एवढा समदर्शी माणूस दुसरा सापडायचा नाही.

तर असा भगवानराव गेला आणि उकंडा आतल्या खोलीत आले. तुळसाबाई पलंगावर पडून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बरं केलं जी," त्या म्हणाल्या. "पन आता घर कोन विकन?"

प्रश्न खरा होता. तुळसाबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्याला वर्ष झालं होतं. सोमवार, बुधवार, शनिवार यवतमाळ. पहाटेची गाडी, दारव्ह्यामार्गे दोन तास, तिथं चार तास मशीनवर, आणि मग पुन्हा दोन तास. जाताना त्या बसून जायच्या, येताना उकंडांच्या मांडीवर डोकं ठेवून. कंडक्टर सगळे ओळखीचे, पुढची सीट राखून ठेवायचे. पण रस्त्यावरचे खड्डे कोणाच्या ओळखीचे नसतात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, आजारापेक्षा हा प्रवास त्यांना खाऊन राहिला. दवाखान्याजवळ राहायला या. असंच चालू ठेवलं तर वर्ष काढतील की नाही, मी सांगू शकत नाही." भाड्यानं राहावं तर एस.टी.च्या पेन्शनीत घरभाडं सोडा, महिन्याचा किराणा बसत नव्हता. यवतमाळला तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्यायच्या, तर दिग्रसचं हे घर विकणं भाग होतं. दुसरी वाट नव्हती.

घर आदर्श लेआऊटमध्ये. सत्त्याण्णव साली उकंडांनी प्लॉट घेतला तेव्हा जुन्या बौद्ध वॉर्डातले लोक म्हणाले होते, एवढ्या लांब, परक्या वस्तीत कायले जाऊन राह्यला? उकंडा म्हणाले, माझ्या पगाराचा प्लॉट आहे, मला जिथं पटला तिथं घेतला. लेआऊटमध्ये त्यांचं हे एकच घर तसं. शेजारी वाईट नव्हते. दिवाळीला फराळाचं ताट यायचं. फक्त ताट आणणारी बाई दारातच थांबायची आणि म्हणायची, "काकू, ताट रिकामंच द्या, काही घालू नका." रीत अशी, की ताट रिकामं परत करू नये. पण सत्तावीस वर्षांत तुळसाबाईंना ती रीत एकदाही पाळता आली नव्हती.

पुण्याला नोकरी करणारी लेक दीपमाला फोनवर म्हणाली, "बाबा, दलालाचं नावच काढू नका. आता सगळं ॲपवर होतं. तिथं मालक आणि गिऱ्हाईक थेट बोलतात, मधे कोणी नाही. आणि जातबित तर कोणी विचारतच नाही."

उकंडांना ते पटलं. तिकिटावर कधी नाव नसतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पैसे दिले की माणूस प्रवासी. घराचंही तसं झालं तर काय वाईट?

दीपमाला दोन दिवसांची सुट्टी काढून आली. तिनं प्रत्येक खोलीचे फोटो काढले, समोरच्या भिंतीसकट. मग बापलेक फॉर्म भरायला बसले. पहिल्याच रकान्यात मालकाचं पूर्ण नाव. दीपमालानं ते टाकलं. मग मजला, दिशा, पाणी, पार्किंग. आणि मग एक प्रश्न आला: पूजाघर आहे का?

"नाही टाक," उकंडा म्हणाले.

"नाही टाकलं की घर खाली जातं बाबा यादीत."

"मंग खाली जाऊ दे. नसलेलं 'आहे' कसं मनू?"

तिनं 'नाही' टाकलं. चार दिवसांनी फोन सुरू झाले आणि उकंडांना वाटलं, चला, गाडी फलाटाला लागली.

पहिला फोन ॲपवाल्यांचाच होता. कुठली तरी पोरगी गोड हिंदीत म्हणाली, सर, तुमचं घर सत्तावीस लोकांनी पाहिलं, पैसे भरले तर सत्तावीसशे पाहतील. उकंडा म्हणाले, बाई, मला एकच पाहिजे. मग खरे फोन आले. पुसदहून, उमरखेडहून, एक तर नांदेडहून. भाव विचारायचे, बोअर किती फूट म्हणायचे. आवाजावरून वाटायचं की आता हा माणूस थैली घेऊनच निघतो. आणि मग यायचा तो प्रश्न.

"काका, तिथं मुनेश्वर लिहिलं आहे. मुनेश्वर म्हणजे?"

"मुनेश्वर म्हंजे मुनेश्वर."

"नाही, म्हणजे कोण तुम्ही?"

"बौद्ध."

"अच्छा, अच्छा. घरी विचारून सांगतो."

घरी विचारायला गेलेला एकही माणूस परत आला नाही. काही जण जास्त हुशार. ते नाव विचारायचे नाहीत, वस्तीवर यायचे. "लोक कोणते आहेत तिकडे? तसले नाहीत ना कोणी?" तसले म्हणजे आपण, हे उकंडांना कळायचं. पहिल्यांदा त्यांनी फोन आपटला. दहाव्यांदा नुसता ठेवला. पुढं पुढं त्यांना फोन लागल्या लागल्या वास यायचा, की हा आता विचारणार. एका बाईनं तर सांगूनच टाकलं, "घर फार आवडलं हो, पण आमच्या सासूबाईंना शांती करून घ्यावी लागेल, त्यापेक्षा नकोच." तिला निदान लाज तरी वाटली, म्हणून उकंडांनी तिला नीट 'बरं ताई' म्हटलं.

ॲपवर मधे कोणी नव्हतं, दीपमाला म्हणाली ते बरोबरच होतं. मधे कोणी नसल्यामुळं जे काही यायचं ते सरळ छातीत यायचं.

सप्टेंबरच्या एका सोमवारी परतीच्या गाडीत, दारव्हा सोडल्यावर, तुळसाबाईंचे डोळे फिरले. ड्रायव्हरनं गाडी वळवून दारव्ह्याच्या दवाखान्याच्या दारात नेली. सलाईन लागली, रात्रीपर्यंत शुद्ध आली. शुद्धीवर येऊन त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "अवो, मले आता गाडीत नोका बसवू. घरीच राहू द्या. जे होईन ते होईन."

उकंडांनी त्यांच्या तळव्यांना तेल लावलं. बायको मरायला तयार झाली आहे, हे त्यांना कळलं. यवतमाळच्या फेऱ्या त्यांनी थांबू दिल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ते बसस्टँडसमोरच्या टपरीवर जाऊन भगवानरावाच्या शेजारी बसले.

भगवानरावानं मार्चचं नाव काढलं नाही. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "उकंडाभाऊ, घर शिळं करून टाकलं तुमी. सहा महिने मोबाईलवर पडलेलं घर. लोक मन्तेत, कोनी घेऊन नाई राह्यलं म्हंजे काहीतरी खोट असन. गावातलं गिऱ्हाईक आता येत नाई. बाहेरून बदलून आलेला कोनी पाहा लागन."

"पाहा मंग."

"आन् फोटो?"

उकंडांनी चहा संपवला. मग म्हणाले, "काढतो."

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी भगवानरावाचा निरोप आला: चार वाजता साहेब येऊन राहिले, बायको सोबत आहे, तयार राहा. उकंडा स्टुलावर चढले. दोन्ही फोटो उतरवले, तुळसाबाईंच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. भिंतीवर दोन चौकोन उघडे पडले म्हणून एकावर कापसाच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर लावलं; दुसऱ्याला काही सापडलं नाही. तुळसाबाई पलंगावरून पाहत होत्या. उकंडा त्यांच्याकडे न पाहता काम करत होते. चोराला चोरी करताना एवढा घाम येत नसेल.

साहेब तिशीतला, चष्मा लावलेला, साधा माणूस. कोणत्या तरी सरकारी ऑफिसात इंजिनीयर म्हणून नुकताच आलेला. बायको त्याच्याहून चटपटीत. तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ओट्यावरून हात फिरवला. नळ सोडून पाहिला. बाहेर येऊन नवऱ्याकडे पाहिलं आणि हसली. अशी हसणारी बाई घर घेतेच, हे उकंडांनाही कळलं आणि भगवानरावालाही. त्यानं हळूच डायरी उघडली.

"बोअर कितीचा काका?"

"दोनशे वीस. मे महिन्यात बी आटत नाई."

"घर का विकून राहिले?"

"घरच्या मानसाले दवाखान्याजवळ न्या लागते." हे खरं होतं म्हणून उकंडांना बोलायला बरं वाटलं.

तरुण माणूस समोरच्या खोलीत उभा राहिला. भिंत पाहिली, कॅलेंडर पाहिलं, दाराकडे पाहिलं. काहीतरी विचारावं की नको, असं त्याचं चाललं होतं. शेवटी घसा साफ करून, आवाज उगाच हलका करून त्यानं विचारलं, "काका, आजूबाजूला... लोक कोणते आहेत इथं?"

उकंडांच्या कानात सहा महिन्यांचे फोन एकदम वाजले. हाच तो घसा साफ करणं, हाच तो हलका आवाज. आला, सौद्याचा काटा आला. या एका उत्तरावर तुळसाचं मांडीवर डोकं ठेवून येणं थांबणार की नाही, ते ठरणार होतं. आणि बत्तीस वर्षांत कधी कोणाला खोटं तिकीट न दिलेला हा माणूस, ते सगळे फोनवाले ज्या सुरात विचारायचे त्याच सुरात, हसून म्हणाला, "बेफिकीर राहा साहेब. सगळी चांगल्या घरची वस्ती हाय. तसलं एक बी घर नाई या लेआऊटमंधी."

बाईनं स्वयंपाकघराच्या दाराला टेकवलेला हात काढून घेतला. साहेब म्हणाला, "बरं. बरं. विचार करून सांगतो," आणि दोघं बूट घालून निघाले. भगवानराव त्यांच्यामागं घाईघाईनं गेला. फाटकाशी तो उकंडांकडे वळून असं काही पाहत होता, की यांना काही समजेना.

आतून तुळसाबाईंनी हाक मारली. उकंडा दारात जाऊन उभे राहिले.

"तसलं म्हंजे कोन जी?" त्यांनी विचारलं.

रागानं विचारलं असतं तर उकंडांना काही सुचलं असतं. त्या विचारत होत्या ते खरंच विचारावं तसं. उकंडा म्हणाले, "घर विका लागते तुळसा," आणि परसात जाऊन बादलीभर पाणी उगाच झाडाला घातलं. आपल्या घरात उभं राहून आपण आपल्यालाच शिवी दिली, हे त्यांना पुरतं कळत होतं. पण घर विकलं जाईल, ती जगेल, मग यवतमाळच्या भिंतीवर फोटो लावून माफी मागू, असा त्यांनी मनाशी हिशेब मांडला. हिशेब वाईट नव्हता. फक्त तो विकला जाणाऱ्या घरावर मांडलेला होता.

तीन दिवस गेले, आठ दिवस गेले. भगवानरावानं फोन उचलला तेव्हा एवढंच म्हणाला, "त्यायनं पुसद रोडवर पाह्यलं दुसरं. जाऊ द्या. नशीब."

त्याच्या पुढच्या रविवारी उकंडा वंदनेला गेले. तुळसाबाईंना झोप लागली होती, आणि विहारात जाऊन महिना झाला होता. चपला काढून आत शिरतात तोच पुढच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांतला एक चष्मेवाला माणूस मागं वळला. बाजूला पांढऱ्या साडीत ती चटपटीत बाई. उपासक मंडळातले रामराव त्यांना सगळ्यांशी ओळख करून देत होते. "हे संघदीप, वर्ध्याकडचे. बदलून आले आपल्याकडं. ह्या त्यांच्या मिसेस पायल."

संघदीपनं उकंडांना पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, हातातल्या फुलांकडे पाहिलं. "काका?" तो म्हणाला. "तुम्ही इथं?"

उकंडांनी फुलं घट्ट धरली.

"म्हणजे ते घर आपल्याच माणसाचं होतं? तुम्ही स्वतः..." मग हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "काका, आम्ही घेणारच होतो. आतापर्यंत तीन ठिकाणी भाड्यानं राहिलो, तिन्ही ठिकाणी नाव कळल्यावर खोली सोडावी लागली. पायलचं एकच म्हणणं होतं, आजूबाजूला आपलं एखादं तरी घर पाहिजे. म्हणून विचारलं मी. तुम्ही म्हणाले, तसलं एकही नाही. गाडीवर बसल्यावर ही रडली."

"मंग आता..." उकंडा कसेबसे म्हणाले.

"मंगळवारी इसार दिला काका दुसरीकडे. कागद झाले."

भगवानरावाला दोघांची नावं पहिल्यापासून ठाऊक होती; इसाराआधी ती सांगायची नाहीत, हा त्याचा नियम. उकंडांना ते आता उमगलं. पण त्याच्यावर राग यावा म्हणून त्यांनी मनात कितीही शोधलं, तरी राग तिथं जाऊन थांबेना. भगवानराव नुसता गप्प होता. बोलले ते आपण.

घंटी झाली, सगळे बसले. त्रिशरण झालं. रामराव एकेक शील सांगत होते आणि पन्नास माणसं पाठोपाठ म्हणत होती. उकंडांनी पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. लहानपणापासून झोपेतही न चुकलेलं ते वाक्य त्यांच्या घशाशी येऊन अडलं. समोर संघदीपची पाठ होती. तीही त्या वाक्याला जरा ताठ झाली, की उकंडांना तसं वाटलं, कोण जाणे. पाचवं शील सुरू झालं तेव्हा ते उठले, फुलं होती तशीच दाराशी ठेवली आणि बाहेर पडले.

घरी आल्यावर त्यांनी तुळसाबाईंना सगळं सांगितलं. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. ते पलंगाच्या कडेला बसून सांगत राहिले आणि त्या छताकडे पाहत ऐकत राहिल्या. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "ते चष्म्यावालं पोरगंच न?" उकंडा म्हणाले, हो.

मग त्या बोलल्या. "घराचं मले काही नाई जी. मी आज हाव, उद्या नाई." त्यांनी उकंडांच्या हातावर हात ठेवला. तो सुजलेला होता आणि गार होता. "पन मी गेल्यावर तुमाले विहारातले तेवढेच लोक होते. आता त्यायच्यात कसे जासान?"

उकंडांनी खुंटीवरची पिशवी काढली. दवाखान्याची फाईल, पाण्याची बाटली, तिची शाल एकेक करून आत भरली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.